श्रोत्यांची घडण : चार्ल्स हॅले आणि मँचेस्टरचे संगीत-हंगाम

१

मँचेस्टर हे नाव भारतीय वाङ्मयात आले ते कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील देशी भाषांतील अर्थविषयक लेखनात मँचेस्टर म्हणजे हातमाग बुडविणारे शहर. आणि १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली तेव्हा ज्वाळांत पडलेल्या कापडाचे कुलनामही लोकांच्या लेखी मँचेस्टर हेच होते. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाला हे शहर भेटते ते एलिझाबेथ गॅस्केलच्या कादंबऱ्यांतून आणि फ्रीड्रिश एंगेल्सने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या, इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील ग्रंथातून. या लेखनातून उभे राहणारे धुराचे, दाटीवाटीचे आणि विषमतेचे चित्र खरे आहे. तथापि ते अपुरे आहे. याच शहरात १८५८ पासून सिंफनी वाद्यवृंदाचे नियमित हिवाळी हंगाम सुरू झाले, शिलिंगभर देऊन आत येणारा श्रोता आणि गिरणीचा मालक एकाच छपराखाली बसून बीथोव्हन ऐकू लागले, आणि राजधानीपासून दूरच्या एका औद्योगिक नगराला स्वतःची अशी संगीतपरंपरा लाभली. ही परंपरा ज्याने उभी केली तो चार्ल्स हॅले जन्माने जर्मन, संस्काराने बराचसा फ्रेंच आणि कर्माने मँचेस्टरचा होता.

रचनाकार म्हणून हॅलेचे नाव उरलेले नाही. पियानोवादक म्हणून त्याची कीर्ती मोठी होती. परंतु ध्वनिमुद्रणाच्या सोयीपूर्वीच्या सर्व वादकांप्रमाणे त्याचे वादनही त्याच्याबरोबर गेले. मागे राहिल्या त्या सदतीस वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका. कोणत्या वर्षी, कोणत्या रात्री, कोणत्या रचनेनंतर कोणती रचना वाजली, याची ती नोंद हीच त्याची खरी कृती होय. वाङ्मयेतिहासात ग्रंथांच्या जोडीने वाचकवर्ग कसा घडला हा प्रश्न आता महत्त्वाचा मानला जातो. नियतकालिके, ग्रंथमाला, वाचनालये आणि त्यांच्या वर्गण्या यांचा विचार त्यामुळेच केला जातो. तोच प्रश्न संगीताच्या संदर्भात विचारावयाचा, तर हॅलेच्या आयुष्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

२

कार्ल हाले याचा जन्म ११ एप्रिल १८१९ रोजी वेस्टफालियातील हागेन या गावी झाला. वडील तेथील चर्चमध्ये ऑर्गनवादक होते आणि गावातील संगीताची सारी जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलाने अगदी लहान वयात पियानोवर बोटे फिरविण्यास आरंभ केला आणि चौथ्या वर्षीच तो लोकांसमोर वाजवू लागला. अकरा वर्षांचा असताना एक फिरती ऑपेरा मंडळी गावात आली. वडील आजारी पडल्यामुळे मोत्सार्टची ‘जादूची बासरी’ आणि वेबरचे ‘डेर फ्रायशुट्झ’ या संगीतनाटकांच्या प्रयोगांत वाद्यवृंदाचे संचालन या मुलाने केले. बालकलावंताच्या कौतुकाची गोष्ट म्हणून ही हकीकत सांगितली जाते. तिच्यातून आणखी एक गोष्ट दिसते. राजदरबार किंवा मोठे नाट्यगृह नसलेल्या गावात संगीत चालते ते एखाद्या माणसाच्या खटपटीवर, आणि तो माणूस अंथरुणाला खिळला की ते थांबू पाहते. हा अनुभव हॅलेला बालपणीच आला होता. पुढे आयुष्याच्या अखेरीस त्याच्या स्वतःच्या संस्थेच्या बाबतीत तोच प्रश्न उभा राहिला.

१८३५ साली तो डार्मस्टाट येथे रिंक या ऑर्गनवादकाकडे शिकण्यास गेला आणि पुढच्या वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी, पॅरिसला पोहोचला. काल्कब्रेनर या त्या वेळच्या नामांकित पियानोवादकाचे शिष्यत्व मिळविणे हा त्याचा मूळ हेतू. तो तसाच राहून गेला. परंतु पॅरिसने त्याला त्याहून पुष्कळ अधिक दिले. शोपँ आणि लिस्ट यांचे वादन त्याने जवळून ऐकले. वृद्ध केरुबिनीच्या घरी त्याचा राबता राहिला. हायने आणि जॉर्ज साँ यांच्यासारख्या साहित्यिकांचे वर्तुळ त्याला परिचित झाले. कंझर्व्हातोआरच्या वाद्यवृंदाने हाबनेकच्या संचालनाखाली सादर केलेल्या बीथोव्हनच्या सिंफनी त्याने ऐकल्या आणि वाद्यवृंद कसा वाजावा याचे एक कायमचे माप त्याच्या मनात निश्चित झाले.

या वर्षांतील सर्वांत महत्त्वाची मैत्री एक्तोर बर्लिओझशी झाली. बर्लिओझच्या रचना अवाढव्य वाद्यवृंद मागणाऱ्या, सादरीकरणाला खर्चिक आणि श्रोत्यांना अनोळखी. १८३७ साली त्याच्या ‘रेक्विएम’च्या पहिल्या प्रयोगात ऐन मोक्याच्या क्षणी संचालक हाबनेकने छडी खाली ठेवून तपकीर ओढली आणि बर्लिओझने स्वतः धावत जाऊन ताल सावरला, अशी एक हकीकत बर्लिओझने आपल्या आठवणींत दिली आहे. पुष्कळांनी ती कल्पित ठरविली. हॅले त्या वेळी तेथे हजर होता आणि त्याने आपल्या आत्मकथनात तिला दुजोरा दिला. हकीकतीचा तपशील कसाही असो, नवी रचना श्रोत्यांपर्यंत पोहोचणे हे संचालकाच्या निष्ठेवर किती अवलंबून असते, हे त्याने त्या पिढीत प्रत्यक्ष पाहिले होते.

पॅरिसमध्येच त्याच्या आडनावातील अखेरच्या स्वरावर आघातचिन्ह आले. फ्रेंच उच्चारात शेवटचा स्वर लोपू नये एवढाच त्यामागील हेतू. १८४१ साली त्याने देझिरे स्मिथ द रिलिय हिच्याशी विवाह केला. व्हायोलिनवादक आलार आणि चेलोवादक फ्रांशॉम यांच्यासह कंझर्व्हातोआरच्या लहान सभागृहात त्याने मोजक्या वाद्यांच्या संगीताच्या मैफली सुरू केल्या व त्या यशस्वी ठरल्या. बस्तान बसले असे वाटत असतानाच फेब्रुवारी १८४८ ची क्रांती झाली. आश्रयदाते पांगले, शिष्य शहर सोडून गेले, मैफली बंद पडल्या. पत्नी आणि लहान मुले यांचा भार असलेल्या या कलावंताला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. आणि त्या वर्षीचे लंडन युरोपातून आलेल्या निर्वासित संगीतकारांनी भरून गेलेले होते.

३

अशा स्थितीत मँचेस्टरहून निमंत्रण आले. हेर्मान लेओ हा तेथील कापड-छपाईच्या धंद्यातील जर्मन गृहस्थ संगीताचा रसिक होता. शहरात जर्मन व्यापाऱ्यांची वस्ती मोठी होती. त्यांच्या घरी पियानो होते, मुलींना शिकविण्यासाठी चांगला शिक्षक हवा होता, आणि आपण मागे सोडून आलेल्या संगीताची ओढही होती. हॅले १८४८ मध्ये मँचेस्टरला आला तो मुख्यतः शिक्षक म्हणून. गॅस्केलबाईंची ‘मेरी बार्टन’ ही मँचेस्टरच्या कामगारजीवनावरील कादंबरी याच वर्षी प्रसिद्ध झाली. पुढे त्यांची कन्या मेटा ही हॅलेकडे पियानो शिकली. ज्या मध्यमवर्गाने ही कादंबरी वाचली, त्याच वर्गाने आरंभी या नवागताला उपजीविका दिली.

त्या वेळी शहरातील प्रतिष्ठित संगीतसंस्था म्हणजे ‘जंटलमेन्स कॉन्सर्ट्‌स’. अठराव्या शतकात हौशी बासरीवादक गृहस्थांनी सुरू केलेली ही संस्था वर्गणीदारांपुरती मर्यादित होती. तिच्या सभागृहात सामान्य माणसाला तिकीट काढून जाता येत नसे. शोपँ ऑगस्ट १८४८ मध्ये येथेच वाजवून गेला, आणि लगोलग सप्टेंबरात हॅलेने याच ठिकाणी बीथोव्हनचा ‘एंपरर’ काँचेर्तो वाजविला. पॅरिसचा वाद्यवृंद कानांत ताजा असलेल्या हॅलेला तेथील वादन इतके असह्य झाले की सामान बांधून परत फिरावे, असे त्याला वाटले. तो थांबला याचे कारण त्याच्यावर विश्वास ठेवून जमलेली मंडळी. पुढच्या वर्षी संचालकपद देऊ करण्यात आले तेव्हा त्याने एकच अट घातली : आहे तो वाद्यवृंद बरखास्त करावा आणि नव्याने निवड करण्याचा अधिकार आपल्याला मिळावा. अट मान्य झाली.

पुढील आठ वर्षे पूर्वतयारीची होती. मोजक्या वाद्यांच्या मैफलींना आरंभी फारच थोडे वर्गणीदार मिळाले; ते हळूहळू वाढले. समूहगायनाची मंडळी उभी राहिली. १८५४-५५ मध्ये त्याने ऑपेराचा एक हंगामही चालवून पाहिला. या सर्व खटपटींतून वादकांना शिस्त लागली, परंतु श्रोतृवर्ग मात्र मर्यादितच राहिला. दाराबाहेर उभ्या असलेल्या शहराला आत घेण्याचा मार्ग अद्याप सापडला नव्हता.

४

तो मार्ग एका प्रदर्शनाने दाखविला. ‘आर्ट ट्रेझर्स’ हे भव्य कलाप्रदर्शन ५ मे ते १७ ऑक्टोबर १८५७ या काळात मँचेस्टरजवळ ओल्ड ट्रॅफर्ड येथे भरले. सुमारे १६ हजार कलाकृती तेथे मांडल्या होत्या आणि तेरा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. प्रदर्शनात रोज संगीत हवे, म्हणून हॅलेवर वाद्यवृंद उभारण्याचे काम सोपविण्यात आले. त्याने लंडनहून आणि युरोपातून वादक आणवून आपला वृंद वाढविला. चित्रे पाहण्यास आलेल्या, पूर्वी कधीही सिंफनी न ऐकलेल्या हजारो लोकांच्या कानांवर ती तेथे पहिल्यांदा पडली, आणि त्यांपैकी पुष्कळ लोक थांबून ऐकू लागले. प्रदर्शन संपल्यावर हा वृंद मोडला जाणार होता. इतक्या कष्टाने जमविलेले वादक विखुरले जावेत हे हॅलेला पटेना. कोणत्याही मंडळाचा किंवा आश्रयदात्याचा आधार न घेता, सर्व नफातोटा स्वतःच्या माथी घेऊन, त्याने सार्वजनिक संगीतसभा सुरू करण्याचे ठरविले. पहिली सभा ३० जानेवारी १८५८ रोजी ‘फ्री ट्रेड हॉल’मध्ये झाली.

या वास्तूचा इतिहास लक्षात घेतला पाहिजे. ज्या जागेवर ती उभी आहे, त्या सेंट पीटर्स फील्ड नावाच्या मैदानात १६ ऑगस्ट १८१९ रोजी, हॅले चार महिन्यांचे मूल असताना, मताधिकार मागण्यासाठी सुमारे साठ हजार लोक जमले होते. त्यांच्यावर घोडेस्वार सोडण्यात आले, माणसे मारली गेली आणि शेकडो जखमी झाली. ‘पीटरलू’ या नावाने ही घटना ओळखली जाते. पुढे धान्यावरील जकातीविरुद्धची चळवळ याच शहरातून चालली, १८४६ साली तो कायदा रद्द झाला, आणि त्या विजयाचे स्मारक म्हणून १८५३ ते १८५६ या काळात हे सभागृह बांधले गेले. राजकीय सभांसाठी उभारलेल्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या या इमारतीत सिंफनी नेणे, याचा अर्थ ती वर्गणीदारांच्या दिवाणखान्यातून काढून चव्हाट्यावर आणणे असा होता. महाग जागांबरोबर शिलिंगाच्या जागाही ठेवल्या गेल्या.

आरंभीचे कित्येक आठवडे तोट्यात गेले. हितचिंतकांनी थांबण्याचा सल्ला दिला. हॅलेने हंगाम पूर्ण केला. पहिल्या पूर्ण हंगामात तीस सभा झाल्या. शेवटी हिशेब झाला तेव्हा व्यवस्थापकाने तीन-तीन पेनींची दहा कोरी नाणी त्याच्या हाती ठेवली. अडीच शिलिंग, म्हणजे तीस पेनी. एका सभेमागे एक पेनी नफा. ही गोष्ट हॅलेने स्वतः मोठ्या समाधानाने नोंदवून ठेवली आहे. रक्कम क्षुल्लक होती. परंतु राजाश्रयाशिवाय आणि देणगीशिवाय, केवळ तिकिटांच्या बळावर वाद्यवृंद चालू शकतो, एवढे तिने सिद्ध केले.

ही गोष्ट कशी साधली, याचे उत्तर कार्यक्रमांच्या आखणीत आहे. हॅलेच्या कार्यक्रमपत्रिकेत निरनिराळ्या वजनाच्या रचना शेजारी शेजारी येत. संगीतनाटकाच्या आरंभी वाजणारे ओव्हर्चर, लोकप्रिय संगीतनाटकांतील गाणी, नृत्याच्या रचना, आणि त्यांच्यामध्ये एखादी संपूर्ण सिंफनी. शिवाय बहुधा स्वतः हॅलेचे पियानोवादन. श्रोता ओळखीच्या सुरांसाठी येई आणि जाताना काहीतरी अनोळखी ऐकून जाई. पुढील हंगामात तीच अनोळखी रचना पुन्हा लागे, आणि आता ती ओळखीची झालेली असे. पुनरावृत्ती हे या आखणीचे मुख्य साधन होते. बीथोव्हनच्या सिंफनी वर्षानुवर्षे परत परत येत. नाताळच्या सुमारास हँडेलचा ‘मसाया’ ठरलेला असे. योआखिमसारखा श्रेष्ठ व्हायोलिनवादक पाहुणा म्हणून आला की सभागृह भरे आणि त्याच रात्री एखादी अवघड रचना मांडता येई. ध्वनिमुद्रिका नव्हत्या, नभोवाणी नव्हती. एखादी सिंफनी पुन्हा ऐकावयाची तर ती पुन्हा वाजण्याची वाट पाहणे एवढेच श्रोत्याच्या हाती होते. अशा काळात शहराची सामुदायिक स्मृती घडविणे हे संचालकाचे काम ठरते. संगीतसभांचा गुरुवार हा पुढे मँचेस्टरच्या हिवाळ्यातला ठरलेला वार झाला.

या आखणीला साहसाचे अंगही होते. तिसऱ्याच वर्षी, १८६० मध्ये, हॅलेने ग्लुकचे ‘इफिजेनी आँ तोरिद’ हे संगीतनाटक सभेच्या स्वरूपात सादर केले. युरिपिडीसच्या ग्रीक नाटकावरून फ्रेंच भाषेत सिद्ध झालेली आणि १७७९ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेली ही कृती त्या काळच्या इंग्लंडला जवळजवळ अपरिचित होती. कापूस-बाजारात दिवस घालविलेल्या माणसांनी संध्याकाळी तिचे स्वागत केले. लंडनमध्येही हॅले आपल्या परीने हेच करीत होता : १८६१ साली सेंट जेम्स हॉलमध्ये त्याने बीथोव्हनचे सर्व पियानो सोनाटा एका मालिकेत वाजविले, इंग्लंडात असा उपक्रम त्यापूर्वी कोणी केला नव्हता. एखाद्या लेखकाचे सुटे वेचे देण्याऐवजी त्याचे समग्र वाङ्मय क्रमाने वाचकांसमोर ठेवावे, तसेच हे होते.

५

याच १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला. पुढील चार वर्षे ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणून ओळखली जातात. गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार धर्मादाय मदतीवर जगू लागले. हिंदुस्थानातील कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात येथील माल मुंबई बंदरातून लँकेशायरकडे जाऊ लागला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तेथील शेअरबाजार कोसळला. मुंबईच्या वैभवाची ती वर्षे म्हणजे मँचेस्टरच्या उपासमारीची वर्षे होती, हे भारतीय वाचकाने विसरता कामा नये. या संकटातही फ्री ट्रेड हॉलमधील हंगाम थांबले नाहीत. मात्र येथे एक मर्यादाही स्पष्ट होते. शिलिंगाची जागा ज्याच्या हाताला काम आहे त्याच्यासाठीच स्वस्त असते. सर्वांना खुले असलेले दार आणि सर्वांना परवडणारे दार यांतील अंतर हॅलेच्या सद्‌हेतूने भरून निघणारे नव्हते. ते त्या समाजरचनेतच होते.

१८६६ साली हॅलेची पत्नी निवर्तली. १८६९ साली बर्लिओझ पॅरिसमध्ये मरण पावला. ‘फाउस्टचे पतन’ ही आपली प्रचंड कृती बर्लिओझने १८४६ साली पॅरिसमध्ये स्वखर्चाने सादर केली होती. सभागृह अर्धे रिकामे राहिले आणि तो कर्जात बुडाला. गटेच्या ‘फाउस्ट’चे जेरार द नेर्वालने १८२८ च्या सुमारास केलेले फ्रेंच भाषांतर वाचून तरुण बर्लिओझ भारावला होता, त्या भाषांतरातून ही संगीतकृती निपजली. जर्मन काव्य, फ्रेंच भाषांतर आणि फ्रेंच संगीत अशा वाटेने आलेल्या या कृतीला हक्काचा श्रोता मात्र मायदेशी मिळाला नव्हता.

हॅलेने घाई केली नाही. मँचेस्टरला येऊन एकतीस वर्षे आणि स्वतःचे हंगाम सुरू करून एकवीस वर्षे झाल्यावर, ९ जानेवारी १८७९ रोजी, त्याने बर्लिओझची ‘सिंफनी फांतास्तीक’ संपूर्ण सादर केली. इंग्लंडातील तो तिचा पहिला संपूर्ण प्रयोग होता. ५ फेब्रुवारी १८८० रोजी ‘फाउस्टचे पतन’ वाजले, तेही इंग्लंडात प्रथमच संपूर्ण स्वरूपात. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ख्रिस्ताचे बालपण’. ‘फाउस्ट’ला मँचेस्टरने असे डोक्यावर घेतले की ते पुन्हा पुन्हा सादर करावे लागले. हयातीत मित्राला जे पॅरिसने नाकारले होते ते त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी एका इंग्रज गिरणीनगराने दिले. यात नशिबाचा भाग थोडा. दोन दशके हेडन, मोत्सार्ट, बीथोव्हन, मेंडेलसन, वेबर यांच्या सहवासात वाढलेला, मोठ्या समूहगायनाला सरावलेला श्रोतृवर्ग आता बर्लिओझसाठी तयार झालेला होता. १८५८ मध्ये हीच कृती वाजली असती, तर पॅरिसचीच पुनरावृत्ती झाली असती, असे मानण्यास जागा आहे. मैत्रीचे ऋण फेडण्यासाठी आधी ते स्वीकारू शकेल असे शहर घडवावे लागले.

६

उत्तरायुष्यात हॅलेचा व्याप वाढत गेला. वाद्यवृंद रेल्वेने उत्तर इंग्लंडातील गावोगावी जाई. १८८३ पासून लिव्हरपूल फिलहार्मोनिकचे संचालनही त्याच्याकडे आले. १८८८ साली त्याला सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, विल्मा नेरुदा या विख्यात व्हायोलिनवादिकेशी तो विवाहबद्ध झाला. स्त्रियांनी व्हायोलिन वाजविणे अशोभनीय समजले जाण्याच्या काळात या बाईंनी युरोपभर नाव मिळविले होते आणि मँचेस्टरच्या सभांतून त्या अनेक वर्षे वाजवीत आल्या होत्या. दोघांनी १८९० व १८९१ साली ऑस्ट्रेलियाचा आणि १८९५ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. १८९३ साली हॅलेच्या दीर्घ प्रयत्नांना यश येऊन ‘रॉयल मँचेस्टर कॉलेज ऑफ म्युझिक’ सुरू झाले व तो त्याचा पहिला प्राचार्य झाला. वादकांसाठी लंडन-युरोपकडे पाहावे लागू नये, स्थानिक मुलामुलींतून ते तयार व्हावेत, ही या संस्थेमागील दृष्टी होती. श्रोते घडविल्यानंतर वादक घडविणे हा त्याच कार्याचा पुढचा टप्पा होय.

२५ ऑक्टोबर १८९५ रोजी मँचेस्टर येथे हॅलेचे अकस्मात निधन झाले, तेव्हा नवा हंगाम तोंडावर आला होता. शहराने त्याला मोठ्या सन्मानाने निरोप दिला. सॅलफर्डमधील वीस्ट येथील दफनभूमीत त्याचे दफन झाले. आणि मग तो जुना प्रश्न पुढे आला. वाद्यवृंद, त्याचे करार, त्याचा नफातोटा, सारे काही एका माणसाच्या नावावर होते. तोच गेल्यावर वाद्यवृंद कोणाचा? कायद्याच्या दृष्टीने या प्रश्नाला उत्तर नव्हते. श्रोत्यांच्या दृष्टीने मात्र होते. हेन्री सायमन, गुस्टाव्ह बेहरेन्स आणि जेम्स फोर्साइथ या तिघा नागरिकांनी तोट्याची हमी घेऊन हंगाम पार पाडले. १८९९ साली ‘हॅले कॉन्सर्ट्‌स सोसायटी’ स्थापन होऊन वाद्यवृंदाला संस्थेचे रूप आले, आणि बायरॉइट येथे वाग्नरचे ‘रिंग’ प्रथम संचालित करणारा हंस रिश्टर त्याचा संचालक झाला. इतका मोठा संचालक एका प्रांतीय शहरात येऊन १९११ पर्यंत राहिला, यातच त्या शहराच्या श्रवणाची पातळी दिसून येते.

हॅलेच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याच्या उणिवांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. सारी सत्ता स्वतःच्या हाती ठेवल्यामुळे संस्थेचा पाया त्याच्या हयातीत कच्चाच राहिला. त्याच्या कार्यक्रमांचा कणा जर्मन आणि फ्रेंच संगीताचा होता. समकालीन इंग्रज रचनाकारांना त्यात दुय्यम स्थान होते, आणि आयातीच्या बळावर उभी राहणारी अभिरुची स्वदेशी निर्मितीला पोषक ठरते की मारक, हा आधुनिक भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकांना परिचित असलेला वाद येथेही उपस्थित होतो. परंतु उत्तर देताना पुढचा इतिहासही पाहावा लागतो. परक्या रचना ऐकून कान तयार झालेल्या याच श्रोत्यांसमोर, याच वाद्यवृंदाने, ३ डिसेंबर १९०८ रोजी रिश्टरच्या संचालनाखाली एडवर्ड एल्गारची पहिली सिंफनी जगात सर्वप्रथम सादर केली. इंग्रज रचनाकाराच्या त्या कृतीचे जे उत्स्फूर्त स्वागत झाले, त्यामागे पन्नास वर्षांच्या हंगामांची पुण्याई होती.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पारशी, गोव्याचे आणि युरोपीय असे वादक त्यात एकत्र आले होते. पुढे १९५०-६० च्या दशकात मेहता मँचेस्टरला गेले आणि जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली हॅलेच्याच वाद्यवृंदात काही वर्षे व्हायोलिन वाजवीत राहिले. मुंबईतील त्यांचा वाद्यवृंद काही काळाने थांबला. मँचेस्टरचा, दोन महायुद्धे आणि १९४० मध्ये बाँबवर्षावात झालेला फ्री ट्रेड हॉलचा विध्वंस सोसूनही, चालू राहिला. दोन्ही ठिकाणी गुणी वादक होते आणि जिद्दी संस्थापक होते. मँचेस्टरकडे अधिक होते ते एवढेच : दर वर्षी ठरलेल्या वेळी दार उघडेल, अशी खात्री बाळगणारा आणि संस्थापक गेल्यावर त्या दाराची किल्ली स्वतःकडे घेणारा श्रोता.